फोटो फार जड आहे

धनत्रयोदशीच्या सकाळी भोपाळहून ऑफिसचं ट्रेनिंग आटोपून मी घरी आलो आणि अंगणातली रांगोळी पाहून दारातच थांबलो. मला वाटलं, घरात कोणाची तरी तब्येत बिघडली आहे.

रांगोळी होती. मधोमध मोर होता, त्याचा पिसारा होता, चारी कोपऱ्यांत कमळं होती. पण सगळं इतकं फिकट, जणू कोणी वरून दुधाचा हात फिरवला होता. गुलाबी होतं ते पांढऱ्यात जमा, पिवळं होतं तेही पांढऱ्यातच जमा. मोराचा निळा गळा तर आजारातून उठल्यासारखा दिसत होता. आमच्या दारापुढे अशी रांगोळी मी जन्मात पाहिली नव्हती.

माझ्या आईचे रंग कसे असतात ते आधी सांगायला हवं. बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचे. जबलपूरच्या अलीकडे एक छोटं स्टेशन आहे, तिथल्या रुळांना लागून असलेल्या क्वार्टरमध्ये माझं लहानपण गेलं. शाळा हिंदी, घर मराठी. आई रोज सकाळी दारात रांगोळी काढायची, पण तिथल्या तांबूस मुरुमावर नुसती पांढरी रेघ उठून दिसत नसे आणि एखादी मालगाडी गेली की सगळ्यावर धूळ बसे. म्हणून आईने रंग वाढवत नेले. राणी रंगाला लागून पोपटी, पोपटीला लागून हळदीचा पिवळा, त्याला लागून जांभळा, आणि मध्ये वेगळं करायला एक ठसठशीत पांढरी रेघ. बाबा म्हणायचे, "हिची रांगोळी पाहून ड्रायव्हर हॉर्न देतो." माझा पदवीचा निकाल लागला तेव्हा तिने क्वार्टरच्या दारापासून हातपंपापर्यंत रांगोळी काढली होती. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पाणी भरायला येणाऱ्या बायका त्या दिवशी हंडे घेऊन वळसा घालून गेल्या, आणि एकीनेही कुरकुर केली नाही. आज सिविल लाइंसमधल्या सरकारी ऑफिसात मला टेबल-खुर्ची आहे, समोर कॉम्प्युटर आहे, तो कसा चालवायचा ते मला येतं. हे सगळं त्या दोघांनी मला शिकू दिलं म्हणून आहे, याचा मला एक दिवसही विसर पडत नाही.

बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही जबलपूर शहरात, दीक्षितपुऱ्यात भाड्याच्या घरात आलो. घर लहान, पण पुढे सिमेंटचं छोटंसं अंगण आणि वर घरमालकांची गच्ची. आईला शहरातलं मराठी मंडळ कळलं आणि ती तिथे जाऊ लागली. मंडळातल्या पुष्कळशा बायका जुन्या, शिकलेल्या घरांतल्या. त्यांचं मराठी स्वच्छ, आणि आमचं मात्र निम्मं हिंदीत भिजलेलं. एकदा सिविल लाइंसमधल्या एका बंगल्यात हळदीकुंकू होतं, तेव्हा आईने दारात रांगोळी काढायला मदत केली. एक बाई म्हणाल्या, "रंग जरा भडकच असतात हो तुमच्याकडचे." आई हसली. बाबा आणि मी तिला घ्यायला गेलो होतो, तेव्हा परतताना ई-रिक्षात ती बाबांना म्हणाली, "भडक म्हणजे चांगलं नाही, असंच ना?"

"भडक म्हणजे दुरून दिसते ते," बाबा म्हणाले.

यंदा दिवाळीला मंडळाने ठरवलं की प्रत्येक घराच्या दारापुढच्या रांगोळीचा फोटो इंटरनेटवरच्या मंडळाच्या पानावर लावायचा. धनत्रयोदशीच्या दिवेलागणीपर्यंत फोटो पाठवायचे आणि नरकचतुर्दशीच्या सकाळी सगळे एकदम दिसणार. आईने मला विचारलं होतं, "खाली नाव कोणाचं येईल? घरवाल्याचं?"

"नाही. रांगोळी काढणारीचं."

ती थोडा वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "माझी रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडूखाली जाते. एखादी राहील तर बरं. अमरावतीची बहीण पाहील. मंडळातल्या पण पाहतील." शेवटचं वाक्य तिने हळू म्हटलं, पण मी ते ऐकलं. म्हणून ट्रेनिंगला जायच्या आदल्या दिवशी मी तिला मंडळाचं पान उघडायला, फोटो निवडायला आणि पाठवायचं बटण दाबायला शिकवून गेलो होतो.

आणि आता अंगणात हा दुधाळ मोर.

स्वयंपाकघरात आई करंज्या तळत होती. मी बॅग ठेवली आणि विचारलं, "आई, रांगोळी अशी काहून?"

"अशी म्हणजे कशी?"

"फिकी."

"फिकी नाही. हलकी आहे." तिने झाऱ्याने करंजी उलटली. "त्यांनी हलकी मागितली."

"कोणी मागितली?"

"मंडळाच्या बाईंनी. अन् एकदा नाही, पुन्हा पुन्हा."

मंडळाच्या चिटणीस काकू मला माहीत होत्या. लग्न होऊन पुण्याहून इथे आलेल्या, निवृत्त शिक्षिका, सरळ स्वभावाच्या. कोणाला "रांगोळी फिकी काढा" म्हणून सांगणाऱ्या त्या नव्हेत. मी गोंधळून बाबांकडे पाहिलं. ते पाटावर बसून चहा पीत होते.

"माझ्याकडे काय पाहतोस?" बाबा म्हणाले. "मी तर सांगूनच राहिलो होतो की बाईंचा चष्मा बदला. पहिल्या दिवशी हिने अस्सल रंगांची काढली. फोटो पाठवला. उत्तर आलं, हलका करा. हिने झाडू घेतला अन् सगळी पुसली. पांढरं मिसळून पुन्हा काढली. पुन्हा तेच उत्तर. मग अजून पांढरं मिसळलं. आज सकाळी अशी काढली की मला वाटलं, अंगणात रवा सांडला."

"तुम्ही चूप बसा हो," आई म्हणाली. "अन् आज पण तेच उत्तर आलं. आता याच्याहून हलका रंग मी कुठून आणू? नाही पाठवायचा मला फोटो. चलो, झालं."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. मी तिचा फोन मागितला. मंडळाच्या पानावरून आलेले संदेश एकाखाली एक होते, सगळे अगदी सारखे: "आपला फोटो फार जड आहे. कृपया हलका करून पुन्हा पाठवावा."

मी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या घरात, बाजारात, शेजारी, सगळीकडे हलका म्हणजे फिका. हलका गुलाबी, हलका निळा. आणि जड म्हणजे भारी. भारी साडी म्हणजे जरीने गच्च भरलेली, डोळ्यांवर येणारी. काकूंनी पुण्याच्या मराठीत फोटोचं वजन सांगितलं होतं, आणि आईने ते जबलपूरच्या मराठीत वाचलं होतं: तुमची रांगोळी फार भडक आहे, रंग फिके करा.

"आई, हे रंगाबद्दल नाही."

"मग?"

"फोटोबद्दल आहे. फोटो जड आहे, म्हणजे फोनमध्ये त्याला जागा जास्त लागते. त्यांच्या पानावर एवढा मोठा फोटो चढत नाही. लहान करून पाठवा, एवढंच म्हणणं आहे."

"फोटोला वजन असते?"

"असते," बाबा मध्येच म्हणाले. "पार्सलला नसते का? मर्यादेच्या वर गेलं की पार्सलबाबू घेत नाही, परत पाठवतो. आत साडी आहे का लोटा आहे, त्याला काय करायचं?"

आईला ते पटलं नाही. "पण उत्तर किती लवकर येते माहीत आहे तुला? मी बटण दाबलं की आलंच. बाई बसूनच होत्या जशा. एक नजर टाकली अन् नापसंत."

"आई, तिथे बाई नाहीतच. काकूंनी हे वाक्य एकदाच लिहून ठेवलं असेल. फोटो मोठा असला की यंत्र आपोआप तेच पाठवतं. कोणी काही पाहिलेलं नाही."

झारा तिच्या हातात तसाच राहिला. "मोर कोणी पाहिलाच नाही?"

"नाही."

"पहिला, खऱ्या रंगांचा, तो पण नाही?"

"एकसुद्धा नाही."

कढईतली करंजी करपू लागली होती. आईने ती काढली, गॅस बंद केला आणि खाली बसून हसायला लागली. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज फुटला, मग डोळ्यांना पदर लावावा लागला. "देवा रे, मी यंत्राला खूश करायला रंग धुऊन राहिली होती!" बाबांनी चहाची बशी खाली ठेवली, कारण त्यांच्याही हातातून चहा सांडायला लागला होता.

मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे, पहिला फोटो लहान करून पाठवून देतो. आईने तो रागात काढून टाकला होता, पण फोनमधून काढून टाकलेला फोटो काही दिवस फोनच्याच कचऱ्याच्या डब्यात पडून असतो. तिथून तो मी परत आणला. आणि पडद्यावर माझ्या आईचे रंग आले, राणी, पोपटी, हळदी, जांभळा, एकमेकांना ढकलत.

आईने तो मन भरून पाहिला. मग म्हणाली, "हा नाही पाठवायचा."

"काहून?"

"ती रांगोळी मी पुसली. पुसलेली रांगोळी दारात आहे म्हणून दाखवायची? सणाच्या दिवशी?"

"आई, कोणाला कळणार आहे?"

"मला," ती म्हणाली. "दारात जी असेल तीच दाखवायची."

यावर मी वाद घातला नाही. ती उठून अंगणात गेली, फिकट मोरापाशी उभी राहिली. मी तिच्या मागे गेलो. तेव्हा तिने खरा प्रश्न विचारला, जो त्या ई-रिक्षातल्या संध्याकाळपासून तिच्या मनात असावा.

"यंत्राने नाही पाहिलं, ते ठीक. पण आता खरोखरीच्या बाया पाहतील. नाव माझं असेल. अन् त्यांनी खरंच पाहून म्हटलं, भडक आहे, तर?"

उत्तर बाबांनी दिलं, दारातून, चप्पल शोधता शोधता. "तर म्हणतील. त्यांच्या दारात थोडीच काढून राहिली आहेस?"

आईने झाडू घेतला.

अडचण ही झाली की डब्यांतल्या सगळ्या रंगांत तिने पांढरं मिसळून टाकलं होतं. म्हणून मला कमानिया गेटच्या बाजारात जावं लागलं. धनत्रयोदशीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. भांड्यांच्या दुकानांपुढे माणसं एकमेकांच्या डोक्यावरून कळशा पुढे सरकवत होती, आणि रंगवाल्याने फुटपाथवर पोत्यांवर रंगांचे ढीग मांडले होते. मी राणी रंग मागितला.

"हल्का दूँ भैया, या गाढ़ा?"

"गाढ़ा," मी म्हटलं. "सबसे गाढ़ा जो हो."

"अच्छा! घर में शादी है क्या?" त्याने पुडी बांधता बांधता विचारलं.

मी घरी आलो तेव्हा अंगण धुऊन, वाळवून, गेरूने सारवून तयार होतं, आणि आई पांढऱ्याने मोराची बाहेरची रेघ पुरी करत होती. रंग भरताना ती कोणाला जवळ येऊ देत नाही. माझ्या वाट्याला चहाची गाळणी धरण्याचं काम आलं. तिच्यातून रंग चाळून द्यायचा, खडे निवडायचे आणि बोलायचं नाही.

दुपार कलली तरी अर्ध्या अंगणात ऊन होतं. मी म्हटलं, आत्ता फोटो काढू नये. उन्हातला भाग पांढरा पडतो आणि सावलीतला काळा, रंग दोन्हीकडून मरतात. शेजारच्या भिंतीची सावली पूर्ण अंगणावर आली की काढू. तोवर आम्ही तिघं पायरीवर बसलो आणि मी लॅपटॉपवर तो जुना, पुसलेल्या रांगोळीचा फोटो उघडला. शिकायला तो चालेल, असं आईनेही मान्य केलं.

तो फोटो तिने स्टुलावर चढून, हात उंच करून काढलेला होता. म्हणून तिरका आला होता, आणि कोपऱ्यात आमच्या स्कूटरचं चाक आणि झाडू होता. आधी मी तो सरळ केला. मग कडा कापल्या. चाक गेलं, झाडू गेला.

"बस, झाला लहान," आई म्हणाली.

"नाही, हा नुसता कापला. कापणं वेगळं आणि लहान करणं वेगळं. लहान करताना काही कापायचं नाही. सगळी रांगोळी तीच, पण छोटी."

आणि मी फोटोची रुंदी बदलली. पडद्यावरचा मोर एकदम आडवा पसरला. मान आखूड, पोट जमिनीला.

"हे काय रे? बदक केलंस त्याचं!"

लांबी आणि रुंदी एकमेकींना बांधून ठेवायची असते, एक बदलली की दुसरी आपोआप तेवढीच बदलते. त्यासाठी साखळीची एक छोटी खूण असते, आणि ती माझ्याकडून सुटली होती. मी ती दाखवली.

"कपलिंग सुटलं म्हण ना," बाबा म्हणाले. "इंजिन पुढे अन् डबे मागे."

साखळी जोडली तसा मोर पुन्हा मोर झाला. आईने विचारलं, लहान म्हणजे नक्की काय लहान होतं? मी तिला फोटो खूप मोठा करून दाखवला, इतका की मोराचा डोळा पडदाभर झाला आणि नुसत्या रंगीत चौकोनांच्या रांगा दिसू लागल्या. म्हटलं, सगळा फोटो या बारक्या चौकोनांचा असतो. ते जितके जास्त, तितका फोटो जड.

तिने चौकोनांच्या एका रांगेवरून हवेतच बोट फिरवलं. "हे तर ठिपके आहेत. अंगणात काढायची तेव्हा जास्त ठिपके, अन् तुळशीपुढे काढायची तेव्हा तीच रांगोळी कमी ठिपक्यांत. असंच ना?"

"अगदी असंच."

"पण फार कमी केले तर मोर बसत नाही. पिसाऱ्याचे डोळे एकमेकांत घुसतात."

मला हे सांगायचंच होतं, पण इतक्या सोप्या शब्दांत मला ते सांगता आलं नसतं. आम्ही ठिपके कमी करत गेलो आणि दर वेळी ती पिसाऱ्याकडे पाहून "चालते" किंवा "आता नको" म्हणू लागली. मग फोटो साठवताना दर्जा किती ठेवायचा ते ठरवायचं होतं. तो खाली आणला तशी पांढऱ्या रेघांच्या कडेला कसलीशी घाण दिसू लागली. "इथं रेघेला बोट कोणी लावलं?" तिने विचारलं. मी दर्जा थोडा वर नेला, रेघ स्वच्छ झाली आणि आम्ही तिथेच थांबलो. शेवटी मी सांगितलं की हा सगळा उद्योग मूळ फोटोवर करायचा नाही. त्याची एक नक्कल करायची आणि ती लहान करायची. मूळचा फोटो होता तसाच राहतो.

"त्याला पुसावं लागत नाही?"

"नाही."

"हे चांगलं केलं कोणी तरी," आई म्हणाली आणि राहिलेलं जांभळं भरायला उठली.

सावली भरली तेव्हा बाबा घरमालकांच्या गच्चीवर गेले. वरून सरळ खाली फोटो घ्यायचा होता. त्यांनी फोन दोन्ही हातांत असा धरला होता, जसा कोणी भरलेला दुधाचा टोप धरतं.

"हो गया क्या, भाई साहब?" घरमालकीण दीदींनी त्यांच्या खिडकीतून विचारलं. त्या मघापासून पाहत होत्या.

"अभी कहाँ दीदी, मोर आँख बंद कर रहा है," बाबा वरून म्हणाले, आणि आई खालून ओरडली, "गप्पा नका मारू, हात हलते!"

त्यांनी काढलेल्या प्रत्येक फोटोत खालच्या कडेला त्यांच्या पायाची बोटं आली होती. "अंगठा राहू देता का?" त्यांनी विचारलं. "मेहनत माझीही आहे."

"नाव माझं आहे खाली," आई म्हणाली. "अंगठा कापा."

या वेळी लॅपटॉपसमोर ती बसली. मी बाजूला बसलो आणि हात मांडीखाली दाबून ठेवले, कारण मला माझी सवय माहीत आहे. माउस धरायला तिला जड गेलं, बाण सारखा पडद्याबाहेर पळायचा, पण तिने फोटो सरळ केला. बोटं कापली. साखळी जोडलेली आहे का ते मोठ्याने विचारून पाहिलं. ठिपके कमी केले, पिसारा पाहिला, आणखी कमी केले, पुन्हा पिसारा पाहिला आणि "याच्या खाली नको" म्हणाली. नकलेला वेगळं नाव दिलं. मी नुसतं "हं" म्हणत होतो. शेवटी एका जागी रंग जरा वाढवायची पट्टी होती. मी विचारलं, यात थोडा फरक करायचा का, पडद्यावर जरा वेगळे दिसतात. तिने एकदा अंगणात पाहिलं, एकदा पडद्यावर.

"नको. जसे आहेत तसे."

गल्लीत पहिल्या पणत्या लागत होत्या तेव्हा तिने बटण दाबलं. आम्ही तिघंही पडद्याकडे पाहत राहिलो. उत्तर लगेच आलं: "आपला फोटो मिळाला. आभारी आहोत."

"एवढ्यात पाहिला?"

"नाही आई, हे पण यंत्रच."

"अच्छा." तिने पदराने कपाळ पुसलं, आणि कपाळाला राणी रंग लागला. "यंत्राला तर पटली."

दुसऱ्या दिवशी पहाटेचं अभ्यंगस्नान झालं, फराळाची ताटं वाढली गेली, पण तिचं लक्ष फोनकडे. पान उघडलं. एकाखाली एक रांगोळ्या. किती सुंदर होत्या! कोणाची नाजूक वेलबुट्टी, कोणाची फुलांची, कोणाची शुभ्र पांढरी, एकही रेघ न हललेली. आई प्रत्येकीपाशी थांबत होती. "ही बघ, ही हातची आहे, साचा नाही." "हिला कोपरा जमला नाही, पण मध्य काय छान आहे!" आणि मग बोट वर सरकवताना एकदम तिचा मोर आला. पान उजळल्यासारखं वाटलं. खाली तिचं नाव होतं, पूर्ण. तिने ते मोठ्याने वाचलं, शाळेत वाचतात तसं, आडनावापर्यंत.

लोकांनी खाली लिहायला सुरुवात केली होती. अमरावतीच्या मावशीने लिहिलं होतं, "हा मोर आमच्या आईच्या हातचा आहे, हिने उचलला." ते वाचून आई जराशी लाजली. मग कोणी हात जोडल्याची चित्रं, कोणी "वा वा". आणि त्यांत एक ओळ होती: "छान आहे, पण रंग जरा कमी चालले असते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी करंजीकडे पाहिलं. आईने ती ओळ पुन्हा वाचली.

"हिने नीट पाहिली," ती म्हणाली. "बाकीचे नुसते हात जोडून गेले. हिने पाहून सांगितलं." आणि ती हसली, आणि त्या हसण्यात झाकायचं काही नव्हतं हे मला स्पष्ट दिसलं. तिने माझ्याकडून त्या बाईंना उत्तरही लिहून घेतलं. मी टाइप केलं, ती सांगत गेली: "धन्यवाद ताई. पुढच्या वेळी घरी येऊन पहा. फोटोत थोडे कमीच दिसतात."

दुपारी चिटणीस काकूंचा फोन आला. आईने तो स्पीकरवर घेतला, कारण तिचे हात पिठाचे होते.

"अहो, मी मंडळातून बोलतेय. तुमची रांगोळी पाहिली. सकाळपासून मला विचारतायत सगळ्या, ही कोण म्हणून. पाडव्याला पहाटे आपल्या कार्यक्रमाला मंडळाच्या दारात तुम्हीच काढा ना. मोरच काढा, किंवा तुम्हाला हवं ते."

आईने पिठाचा हात हवेतच धरला. "मी?"

"मग कोण? आणि रंगांची काळजी करू नका. मंडळाकडे गेल्या वर्षीचे आहेत, आकाशी आहे, फिकट गुलाबी आहे, डबे भरलेले आहेत."

मला वाटलं, आई "बरं, ताई" म्हणेल. मंडळात ती नेहमी तेच म्हणते.

"रंग माझे मी घेऊन येईन, ताई," आई म्हणाली.

पलीकडून काकू मोकळेपणाने म्हणाल्या, "आणा की! मी उगीचच म्हटलं. आणखी काही लागेल का?"

"लागेल ना," आई म्हणाली, आणि हात झटकून फोन जवळ ओढला. "अंगण केवढं आहे ते सांगा."